टूरेट आणि टिक्स : लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ४१ वर्षांचा आहे. नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. सातव्या वर्षापासून मला टिक्स आहेत आणि त्यांना टूरेट सिंड्रोम म्हणतात हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. मधली सोळा वर्षं मी आणि माझी आई भलतीच दारं ठोठावत होतो. आता ओळखीतून, मुलीच्या शाळेतून, कधी नुसतं बसथांब्यावर मला पाहून कुणीतरी हळूच जवळ येतं आणि म्हणतं, "दादा, आमच्या पोराचंही असंच होतंय." त्यांना एकेकट्याला जे सांगतो ते इथे एका जागी लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध हे डॉक्टरांचंच काम.

टिक म्हणजे काय? आणि टूरेट कधी म्हणायचं?

टिक म्हणजे अचानक, झटक्यासरशी आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. डोळे मिचकावणं, नाक मुरडणं, मान झटकणं, खांदा उडवणं, पोट आत ओढणं या हालचालींच्या टिक्स. घसा खाकरणं, नाक ओढणं, हुंकारणं, मध्येच एखादा शब्द किंवा चीत्कार निघणं या आवाजाच्या. काही टिक्स लांबलचक असतात: चालता चालता उडी मारणं, दारातून जाताना चौकटीला हात लावणं, समोरच्याचा शेवटचा शब्द आपणही म्हणणं.

हालचालींच्या किमान दोन टिक्स आणि आवाजाची किमान एक, सुरुवात अठरा वर्षांच्या आत, पहिली टिक येऊन वर्ष उलटलेलं, आणि दुसरा आजार किंवा एखादं औषध हे त्याचं कारण नाही, एवढं जुळलं की डॉक्टर टूरेट म्हणतात. हालचाल आणि आवाज एकाच काळात असायला हवेत असंही नाही. वर्ष झालं नसेल तर त्या तात्पुरत्या टिक्स धरतात. लहानपणी अशा टिक्स पुष्कळ मुलांना येतात आणि बहुतेकांच्या ओसरतात किंवा अगदी सौम्य उरतात. त्यामुळे पोरगं आठवडाभर डोळे मिचकावतंय म्हणून लगेच हे नाव त्याला चिकटवू नका.

नाव फ्रेंच आहे. जॉर्ज जिल द ला टूरेट या डॉक्टरांनी १८८५ साली पॅरिसमध्ये अशा नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यांचे गुरू शार्को यांनी या आजाराला शिष्याचं नाव दिलं.

आतून नेमकं काय वाटतं?

हा प्रश्न मला सगळ्यात कमी वेळा विचारला गेला आहे. खरं तर आधी हाच विचारायला हवा.

शिंक आठवा. येण्याआधी नाकात काहीतरी साठत जातं, तुम्ही ती रोखता, डोळ्यांत पाणी येतं, आणि शेवटी ती येते तेव्हा सुटल्यासारखं होतं. माझ्या मानेत तसंच साठतं. कुणी आतून कॉलर आवळत आणल्यासारखं. मान झटकली की सुटतं, पण दोन-चार सेकंदच. कधी झटका "बरोबर" बसत नाही, मग तो बसेपर्यंत पुन्हा, पुन्हा. संध्याकाळपर्यंत मान दुखून येते. अगदी लहान मुलांना ही आधीची चुळबुळ ओळखता येत नाही. साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास ती सांगू लागतात की "इथे कसंतरी होतं आणि मग मी करतो."

म्हणून "मुद्दाम करतो की आपोआप होतं?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पापणी आपोआप लवते, पण आपण तिला थोडा वेळ रोखूही शकतो. टिकचं तसंच आहे. रोखता येते, पण कायमची रोखता येत नाही, आणि रोखायला सगळं लक्ष खर्ची पडतं.

शाळेत सहा तास थांबवतो आणि घरी आला की सुरू. मग हे नाटक नाही का?

नाही. ताई, दादा, हे एक वाक्य तरी घरी घेऊन जा: तो शाळेत जे करतो ते कष्ट आहेत आणि घरी जे करतो तो आराम आहे.

मी चौथीत असताना बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं, "समोर असला की खोड मोडेल" म्हणून. मी दिवसभर मान घट्ट धरून बसायचो. फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवायचं नाही, कारण मी मान धरण्याचं काम करत होतो. घरी आलो की दप्तर फेकायचो आणि अर्धा तास मान, खांदे, घसा, सगळं एकदम. आई म्हणायची, "शाळेत बरा राहतोस, मलाच छळतोस." तिचा दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की मूल जिथे सुरक्षित असतं तिथेच ते सोडतं.

एक खुलासा मात्र करतो, कारण पालक घाबरतात. दाबून ठेवलेल्या टिक्स नंतर दुपटीने उसळतात असं प्रयोगांत दिसलेलं नाही. म्हणजे थोडा वेळ रोखल्याने मुलाला इजा होत नाही. पण दमणूक खरी आहे, आणि अभ्यासावरचं लक्ष उडतं हेही खरं आहे.

टिक्सचा आणखी एक स्वभाव लोकांना गोंधळात टाकतो. कारखान्यात मायक्रोमीटर हातात घेऊन मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजताना माझी मान हलत नाही. मृदंग वाजवणारं, क्रिकेट खेळणारं, चित्र काढणारं मूल रंगलं की टिक्स बऱ्याचदा विरतात. उलट दमणूक, ताण, जागरण आणि आनंदाची उत्तेजना यांनी वाढतात. रंगपंचमीला तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडली की तिथे जायचं म्हणून मी लहानपणी इतका उतावळा व्हायचो की आदल्या रात्री खांदा क्षणभर थांबायचा नाही. आनंदानेही वाढतात हे लक्षात ठेवा, नाहीतर "याला कशाचं टेन्शन आहे?" याच्या शोधात घर उगाच हैराण होतं.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, मग कान-नाक-घशाच्या. आता नक्की कुणाकडे जायचं?

जवळजवळ प्रत्येकाचा प्रवास असाच असतो. डोळे मिचकावतो म्हणून चष्मा, खाकरतो म्हणून ॲलर्जीचं औषध. डोळे आणि घसा एकदा तपासून घेण्यात चूक नाही. पण तिथे काही सापडलं नाही आणि टिक बदलत राहिली, आज डोळा, महिन्याने नाक, पुढे खांदा, तर बालरोगतज्ज्ञांना "या टिक्स असतील का?" असं थेट विचारा. पुढचं काम मेंदूविकारतज्ज्ञाचं, शक्यतो लहान मुलांच्या, किंवा मनोविकारतज्ज्ञाचं. दोघांपैकी कुणीही निदान करू शकतं. खासगीत परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. गुंतागुंतीचं वाटलं तर मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या पालिका रुग्णालयाचा रस्ता नाशिककरांना नवा नाही. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरा, तिथून परळ जवळच आहे.

"मनोविकार" ही पाटी पाहून परत फिरू नका. टूरेट हा मेंदूतल्या जोडण्यांचा विषय आहे आणि त्यावर काम करणारे डॉक्टर दोन्ही पाट्यांमागे बसतात.

कुणाशी आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून तो सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एमआरआय काढावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. टूरेट रक्तात किंवा फोटोत दिसत नाही. निदान होतं ते ऐकून आणि बघून. डॉक्टरांना दुसरी शंका आली तर ते तपासणी सांगतात, तेव्हा जरूर करा.

अडचण अशी की तपासणीच्या खोलीत पोरगं एकदम शांत बसतं आणि आईबाप खोटे पडतात. म्हणून घरी, त्याला विचारून, मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण करून न्या. चोरून काढू नका. माझ्या पिढीत मोबाइल नव्हते. मी डॉक्टरांसमोर सोळा वर्षं शांतच बसलो.

ही फिट तर नाही ना?

फिटमध्ये सहसा मूल ती रोखू शकत नाही आणि कित्येकदा भान हरपतं. टिकमध्ये मूल पूर्ण शुद्धीत असतं, क्षणभर थांबवू शकतं आणि आधी काहीतरी वाटलं होतं असं सांगू शकतं. तुमच्या मुलाची नजर शून्यात लागत असेल, हाक मारूनही उत्तर येत नसेल, झोपेत अंग जोरात झटकत असेल, तर अंदाज बांधत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

कशामुळे होतं? आमच्या घराण्यात तर कुणालाच नाही.

मेंदूच्या आत खोलवर, हालचाल कधी सोडायची आणि कधी अडवायची हे ठरवणारी केंद्रं आहेत. त्यांच्या आणि मेंदूच्या पृष्ठभागाच्या दरम्यान संदेशांची जी ये-जा चालते तिच्यात फरक असतो आणि डोपामिन या रसायनाचा त्यात भाग आहे. अडवायची ती हालचाल निसटते, इतकं सोपं करून मी माझ्या मुलीला सांगितलं होतं.

आनुवंशिकता मोठी आहे, पण एकच एक जनुक नाही. आणि "घराण्यात कुणालाच नाही" हे वाक्य जरा तपासून बघा. माझ्या निदानानंतर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझे आजोबा सारखा घसा खाकरायचे. आम्ही म्हणायचो तपकिरीमुळे." मामाला दिव्याचं बटण मोजून मोजून बंद करायची सवय होती. तीही याच कुळातली असू शकते, कारण टिक्स आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, एकाच घरात पुष्कळदा आढळतात. मुलांमध्ये टूरेट मुलींपेक्षा तीन-चार पट जास्त दिसतं.

लाडाने होत नाही, माराने होत नाही, संस्कार कमी पडल्याने होत नाही, गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने तर अजिबात होत नाही. सुनेकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक घराला मला हे ऐकवायचं आहे.

मोबाइलमुळे होतं असं सगळे सांगतात.

माझ्या सातव्या वर्षी आमच्या घरी साधा फोनही नव्हता. मोबाइलने टूरेट होत नाही. रात्री उशिरापर्यंत तो बघून झोप मोडली, किंवा खेळात डोकं तापलं, तर असलेल्या टिक्स वाढू शकतात. तेवढ्यापुरता आवरा.

एक निराळा प्रकार मात्र २०२०-२१च्या करोनाकाळात बऱ्याच देशांतल्या डॉक्टरांना दिसला. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना, त्यातही मुलींना, एका दिवसात एकदम मोठ्या, गुंतागुंतीच्या हालचाली आणि वाक्यं सुरू झाली. समाजमाध्यमांवरचे तसे व्हिडिओ बघणं हे त्यातलं एक कारण मानलं गेलं, ताण आणि चिंता ही दुसरी. टूरेट असं एका रात्रीत, किशोरवयात, इतकं वाजतगाजत येत नाही. पण म्हणून त्या मुली ढोंग करत होत्या असंही नाही. त्यांचा त्रास खरा असतो, उपचार वेगळे असतात. अचानक सुरू झालं असेल तर डॉक्टरांना नेमकी तारीख सांगा. लहान मुलात टिक्सबरोबर एकाएकी भीती किंवा मंत्रचळ उसळला आणि त्याआधी घसा धरला, ताप आला असेल, तर तेही सांगा.

टूरेटवाले शिव्या देतात ना?

बहुतेक जण नाही. नको असताना अपशब्द तोंडून निघण्याचा प्रकार दहांतल्या एखाद-दोघांनाच होतो. चित्रपटांना आणि विनोदांना तेवढाच दिसला, म्हणून जगाला तेवढाच माहीत आहे. ज्यांना होतो त्यांची अवस्था फार बिकट असते. आजीसमोर, देवळात, वर्गात नेमका तो शब्द येतो जो यायला नको, आणि त्यामागे राग किंवा हेतू नसतो. अशा मुलाच्या तोंडाला तिखट लावल्याचं मी ऐकलं आहे. कृपा करून असं करू नका.

बरं होतं का हो?

साधारण वाटचाल अशी असते: पहिली टिक बहुतेकदा चार ते सात वर्षांच्या दरम्यान, सगळ्यात जोर दहा ते बाराच्या दरम्यान, आणि किशोरवय सरता सरता पुष्कळांच्या टिक्स बऱ्याच कमी होतात. काहींच्या जवळजवळ जातात. काहींच्या राहतात. माझ्या राहिल्या, पण सातवीतल्या माझ्या तुलनेत आजचा मी खूपच निवांत आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाचे आईवडील मला भेटतात तेव्हा मी त्यांना आवर्जून सांगतो की तुम्ही बहुधा चढावरच्या सगळ्यात अवघड वळणावर आहात. आयुष्यमान याने कमी होत नाही, बुद्धी कमी होत नाही.

देवाचं, उतारा, जडीबुटी यांनी फरक पडल्याचं लोक सांगतात. ते खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत. टिक्सना भरती-ओहोटी असते. काही आठवडे, काही महिने वाढतात, मग आपोआप उतरतात, मग नवी येते. आता विचार करा, आईबाप उपाय शोधायला कधी निघतात? टिक्स अगदी टोकाला गेल्या की. आणि टोकानंतर उतारच असतो. त्या उताराचं श्रेय त्या आठवड्यात जे केलं असेल त्याला जातं: चष्म्याला, काढ्याला, ताईताला.

आईने वणीला सप्तशृंगीला नवस बोलला होता. महिन्याभरात माझी मान थांबली. आई पायऱ्या चढून नवस फेडून आली. तिसऱ्या महिन्यात खांदा सुरू झाला आणि तिला वाटलं, नवस फेडताना आपल्याच हातून काही राहिलं. ती कित्येक वर्षं ते मनात घेऊन जगली. मला श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही, आजही मी गडावर जातो. पण जिथे अंगाऱ्याच्या नावाखाली मारतात, चटके देतात, धूर देतात, उपाशी ठेवतात, तिथून पोराला उचला आणि निघा. आणि कुणीही "एकवीस दिवसांत मुळापासून" असं म्हणत पैसे मागितले तर ही भरती-ओहोटी आठवा.

मग खरा उपचार काय?

टिक्स सौम्य असतील आणि मुलाला त्रास नसेल, तर समजून घेणं हाच उपचार आणि तो पुरतो. त्रास कुणाला होतोय हे नीट बघा. पुष्कळदा मूल मजेत असतं आणि पाहुण्यांपुढे लाज आईबापांना वाटत असते.

मुलाला दुखतं, अभ्यास होत नाही, मुलं चिडवतात, तर पहिली पसंती वर्तन-उपचाराला देतात. इंग्रजीतल्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सीबीआयटी म्हणतात. त्याचा गाभा, सवय पालटण्याचं प्रशिक्षण, १९७३पासून वापरात आहे. यात मूल आधी टिकची चाहूल ओळखायला शिकतं. मग चाहूल लागली की त्या टिकच्या आड येईल अशी, पण कुणाच्या लक्षात न येणारी हालचाल करतं आणि ओढ ओसरेपर्यंत, मिनिटभर तरी, धरून ठेवतं. माझ्या मानेसाठी ती अशी आहे: हनुवटी किंचित खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलकेच ताठ. घशासाठी नाकातून सावकाश श्वास. सोबत, टिक कुठे आणि कशाने वाढते याची वही ठेवायची आणि ते प्रसंग बदलायचे. २०१०मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर याचा अभ्यास झाला. दहा आठवड्यांत आठ बैठका. हे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत सुमारे १९ टक्के.

नाशिकमध्ये बाल-मानसशास्त्रज्ञ बरेच आहेत. पहिल्याच भेटीत "तुम्ही टिक्ससाठी सवय पालटण्याचं प्रशिक्षण देता का?" असं विचारा. नसतील देत तर ऑनलाइन देणारे शोधा. पडद्यावरून केलेल्या उपचाराचाही उपयोग होतो हे दिसलेलं आहे. मी तिशी ओलांडल्यावर हे शिकलो. मान पूर्ण थांबली नाही, पण संध्याकाळी दुखायची थांबली.

आणि घरच्या घरी याचं "धर, धर, रोख" असं करू नका. शिकवणाऱ्याने शिकवायचं असतं, आईने पहारा द्यायचा नसतो.

औषधं? त्यांची भीती वाटते.

औषधाने टूरेट जात नाही, टिक्सची धार कमी होते. पुष्कळदा क्लोनिडीनपासून सुरुवात करतात. ते मुळात रक्तदाबाचं औषध. त्याने झोप येते आणि ते मनाने एकदम बंद करायचं नसतं. ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन यांचा उपयोग होतो, पण वजन आणि सुस्ती यांवर लक्ष ठेवावं लागतं. हॅलोपेरिडॉल सगळ्यांत जुनं. मला निदानानंतर तेच मिळालं होतं. टिक्स कमी झाल्या, पण अंग जड झालं आणि मी यंत्रासारखा वागू लागलो, मग डॉक्टरांनी बदललं. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगायचं, टाकून द्यायची नाही. फार तीव्र आणि कशालाच दाद न देणाऱ्या मोजक्या प्रौढ रुग्णांसाठी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण तुमच्या दहा वर्षांच्या मुलासाठी तिचा विचार आज करायचा नाही.

टिक्सपेक्षा त्याचा हट्ट, चंचलपणा आणि राग जास्त छळतो.

तुम्ही नेमकं पकडलंत. टूरेट असलेल्या दहांतल्या आठांहून अधिक जणांना सोबत आणखी काहीतरी असतं: लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, ओसीडी, चिंता, शिकण्यातल्या अडचणी, झोपेच्या तक्रारी. माझं गणित टिक्समुळे बिघडलं नव्हतं. प्रत्येक आकडा चारदा गिरवल्याशिवाय मला पुढे जाताच येत नव्हतं आणि पेपर अर्धा राहायचा. तो मंत्रचळ होता. सगळ्यांचं लक्ष मानेकडे, म्हणून वहीकडे कुणी बघितलंच नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा या गोष्टी आधी सांगा. कित्येकदा उपचार त्यांच्यापासूनच सुरू करावे लागतात. एडीएचडीच्या औषधाने टिक्स वाढतील अशी पूर्वी भीती होती. २००२च्या एका मोठ्या अभ्यासात सरसकट तसं दिसलं नाही, त्यामुळे ऐकीव माहितीवरून ते औषध नाकारू नका, विचारून घ्या.

शाळेला सांगावं का? काय मागावं?

सांगावं. डॉक्टरांचं पत्र आणि अर्ध्या पानाची मराठीतली माहिती घेऊन वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना शांतपणे भेटा. मागणं साधं असू द्या. बाक दाराजवळ किंवा कडेला, पहिला नको, कारण मागची पन्नास डोकी बघतात. खूप साठलं की न विचारता पाणी प्यायला बाहेर जाण्याची मोकळीक. टिकबद्दल शिक्षा नाही, नकला केल्या तर नकला करणाऱ्याला समज. मोठ्याने वाचायची सक्ती नको, पण वाचायचं असेल तर संधी हवी. परीक्षेत जास्त वेळ, शक्य तर वेगळी खोली, म्हणजे आवाज दाबण्यात पेपर जात नाही.

दहावी-बारावीच्या सवलतीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. विचारपूस नववीतच सुरू करा, वैद्यकीय कागद जमायला वेळ लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत टूरेटचं नाव स्वतंत्रपणे नाही, पण सोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल तर ती आहे. शिवाय फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका नागरी सेवा परीक्षार्थीच्या प्रकरणात, ४० टक्के अपंगत्वाची अट पूर्ण होत नसली तरी लेखनिक नाकारता येणार नाही असं म्हटलं आणि वाजवी सोय करून देणं हे कर्तव्य असल्याचं सांगितलं. शाळा "नियमात नाही" म्हणाली तर या निकालाचा उल्लेख नम्रपणे करा.

वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही हे तुमच्या मुलाने ठरवावं. माझ्या ओळखीतल्या एका सहावीतल्या मुलीने स्वतः उभं राहून सांगितलं, "मला शिंकेसारखं होतं, फक्त ते मानेला होतं." त्यानंतर चिडवणं बरंच थांबलं. प्रत्येक मुलाला हे जमेल असं नाही, जमायलाच हवं असंही नाही.

घरात आजी-आजोबा सारखे "थांबव रे" म्हणतात.

टोकल्याने टिक वाढते, कारण लक्ष तिच्याकडेच जातं. आजींना मी असं सांगतो: "आजी, तुम्हाला मी म्हटलं, मिनिटभर डोळ्याची पापणी लववायची नाही, आणि प्रत्येक वेळी लवली की ओरडलो, तर?" त्यांना लगेच पटतं. मग त्यांना एक काम द्या, नाहीतर काळजी जिभेवर येते. झोपताना मानेला तेल लावून द्यायचं. त्याने टूरेट जात नाही, पण दुखरी मान सैलावते आणि आजीच्या हाताला काळजी करायची जागा मिळते.

कधी ताबडतोब डॉक्टर गाठायचे?

मानेचे झटके इतके जोरात की हाताला मुंग्या येतात किंवा हात-पाय लुळे वाटतात. स्वतःला मारणं, चावणं, डोळ्यात बोट जाणं. खाणं किंवा झोप पार बिघडणं. आणि "मला जगायचंच नाही" असं मुलाने एकदाही म्हटलं तर. ते बोलणं टिक समजून सोडून देऊ नका.

बसमध्ये, नाटकाला, लग्नात लोक वळून बघतात. जायचंच बंद करावं का?

मी पंधरा वर्षं कालिदास कलामंदिरात नाटक बघितलं नाही, माझ्या घशामुळे. आता जातो. कडेची खुर्ची घेतो, शेजारच्यांना आधीच सांगतो, "मला टूरेट आहे, मधूनमधून आवाज येईल, माझा इलाज नाही." एवढं सांगितलं की दहांतले नऊ लोक मान डोलावतात आणि विसरून जातात. सिटीलिंकच्या बसमध्ये मी काही सांगत नाही, मेनरोड ते सिडको तेवढा वेळ लोकांनी बघितलं तर बघू दे. मुलाला विचारा, कुठे सांगायचं आणि कुठे नाही. तुमच्याच तोंडून प्रत्येक पाहुण्यापुढे त्याची कथा निघू लागली तर ते त्याला टिकपेक्षा जास्त लागतं.

नोकरी, गाडी, लग्न?

नोकरी करतो आहे, अठरा वर्षं झाली. अमेरिकेचा माजी फुटबॉल गोलरक्षक टिम हॉवर्ड याला टूरेट आहे आणि २०१४च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने जे गोल अडवले ते जगाने पाहिले. गाडी मी चालवतो, कारण लक्ष रस्त्यावर असलं की माझी मान शांत राहते. डोळे मिटणाऱ्या किंवा हात उडणाऱ्या जोरदार टिक्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

लग्नाआधी लपवू नका. बघायला गेलो तेव्हा मी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं होतं. दोन स्थळांनी नकार दिला. तिसरी आज माझी बायको आहे. मुलांना होईल का, हे तिने तेव्हाच विचारलं. शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होईलच असं नाही, आणि झालं तरी सौम्य की तीव्र हे कुणी सांगू शकत नाही. आमच्या मुलीला पाचव्या वर्षी नाक ओढायची टिक आली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिला पुढचा घास भरवला.

मी फक्त शेजारी आहे. माझ्यासमोर टिक आली तर मी काय करायचं?

बोलत होता ते बोलत राहा. "काय झालं?" नको, "बाळा, शांत हो" नको, नजर चुकवणंही नको. चार माणसांत नक्कल तर कधीच नको. विचारावंसं वाटलं तर नंतर, एकट्यात, सरळ विचारा. मला अशा प्रश्नाचा कधीच राग येत नाही.

अंबडला आमच्या गेटबाहेर एक चहावाले काका आहेत. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे चहा पितो आणि त्यांनी मला एकदाही काही विचारलेलं नाही. ग्लास पुढे करतात, माझा खांदा उडत असेल तर हात तसाच हवेत धरून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहतात, आणि खांदा खाली आला की ग्लास माझ्या हातात देतात.